सुंठीच्या वखारीची भिंत

वृश्चिकम महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर संपता संपता, मट्टांचेरीला थंडी अशी पडत नाही. पण पहाटे खाडीवरून एक ओलसर वारा येतो आणि बाजारातल्या वखारींचे वास घेऊन गल्लीगल्लीत शिरतो. आधी मिरी, मग सुंठ, मग चहाच्या खोक्यांचा कोरडा वास. त्या दिवशी आभाळ राखेच्या रंगाचं होतं, कौलं दवाने काळी पडली होती, आणि शेळ्या अजून बंद दुकानांच्या फळ्यांवर अंग मुडपून बसलेल्या. अशा वेळी सुगुणन आशान परसात उकिडवा बसून चुना गाळत होता.

शिंपल्यांचा चुना, आदल्या रात्री पाण्यात फुलवलेला. नेसायच्या जुन्या मुंडूचा तुकडा बादलीच्या तोंडाला बांधायचा, वरून चुना ओतायचा, दुधासारखं खाली उतरेल तेवढं घ्यायचं आणि खडे फेकून द्यायचे. मग त्यात भाताची पेज. पेज पडली की चुना भिंतीला धरून बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्याला लागत नाही. शेवटी निळीची एक चिमूट. त्याची बायको सौदामिनी दारात उभी राहून रिकाम्या पातेल्याकडे बघत होती.

"सगळी पेज भिंतीला पाजलीत? मी काय पिऊ?"

"तू चहा पी."

"चहा भिंतीला पाजा. पेज मी प्यायले असते."

"अगं, आज वखारीची भिंत आहे. आज तरी कुरकुर नको."

सौदामिनी आत गेली. आज काय आहे हे तिला ठाऊक होतं. नवऱ्याने पहाटे उठून दाढी केली होती, आणि भिंत लिहायला दाढी करून जाणारा सुगुणन तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

आशान म्हणजे उस्ताद. आमच्याकडे कुस्तीचा आशान असतो, चेंडा ढोल वाजवणारा आशान असतो; सुगुणन भिंतींचा. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या गल्लीतली निम्मी पोरं वाचायला शिकली ती त्याच्या अक्षरांवर. मल्याळम अक्षरं जिलबीसारखी गोल. ओबडधोबड भिंतीवर ती एका ओळीत बसवणं म्हणजे ओल्या मासळीची रास रचणं. जरा हात सुटला की सगळं घसरतं. सुगुणन दोरी न मारता लिहायचा. लिहून झाल्यावर चार पावलं मागे यायचा, मुंडू गुडघ्यावर दुमडून घ्यायचा आणि स्वतःच मोठ्याने वाचायचा, जणू काही उमेदवाराचं नाव त्याला आत्ताच कळलं.

मग फ्लेक्स आलं. रात्रीत छापून पहाटे टांगलेले उमेदवार, बारा हात उंच, गुलाबी गालांचे. सुगुणनला कुणी विचारेना. त्याने ते फार मनाला लावून घेतलं नाही. होड्यांवर नावं लिहिली, रिक्षांवर नंबर लिहिले, ज्या घरात कुत्रा नाही तिथेही 'कुत्र्यापासून सावध' लिहून दिलं. खाऊनपिऊन सुखी होता. पण निवडणूक आली की चार दिवस घराबाहेर पडायचा नाही. "पाय दुखतोय," म्हणायचा. कुठला पाय ते सौदामिनीने कधी विचारलं नाही.

या वेळी मात्र फ्लेक्सवर बंदी आली, आणि भार्गवी टीचर त्याच्या दारात आल्या.

टीचर आमच्या वॉर्डातून अपक्ष उभ्या होत्या. चिन्ह किटली. त्यांचा भाचा म्हणत होता, साचा कापून फवारा मारणारी पोरं आहेत, एका दिवसात सगळा वॉर्ड उरकतील. टीचर म्हणाल्या, "आशान, मला साचा नको. मला अक्षर पाहिजे. पण भाच्याचं तोंड बंद करायला पहिली भिंत अशी लिहा, की मला पुढे बोलावं लागू नये. ती चांगली उतरली, की वॉर्डातल्या सगळ्या भिंती तुमच्या. नाही उतरली, तर त्या पोरांना बोलवीन. राग मानू नका."

"राग कसला, टीचर," सुगुणन म्हणाला, आणि त्याच दुपारी बीपात्तूम्माच्या टपरीवरून तिची चहाची किटली उचलून घेऊन गेला. आयुष्यात त्याने किटली काढली नव्हती. संध्याकाळपर्यंत परसातल्या दगडावर किटली ठेवून चोचीचा बाक गिरवत बसला. बीपात्तूम्मा गल्लीभर ओरडत फिरली, "माझं गिऱ्हाईक काय चुलीवर तोंड लावून चहा पिणार? आण मेल्या माझी किटली!"

आता भिंतीबद्दल. आमच्याकडे निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच भिंती पांढऱ्या होऊ लागतात. ज्याने आधी चुना मारला त्याची भिंत. कोपऱ्यात चिन्ह आणि साल लिहिलं, की ती बुक झाली. मग पाऊस पडो की दगडफेक होवो, दुसऱ्या बाजूचा माणूस तिला बोट लावणार नाही. नळाच्या पाण्यावरून डोकी फोडतील, कुणाचा झेंडा वीतभर उंच यावरून कोर्टात जातील. पण दुसऱ्याने पांढऱ्या केलेल्या भिंतीवर लिहिणं म्हणजे दुसऱ्यासाठी वाढलेल्या पानावर जेवायला बसणं. तेवढी लाज सगळ्यांना आहे.

आणि भिंतींत भिंत म्हणजे सुंठीच्या वखारीची. बाजाराकडून येणारी गल्ली तिथे वळते. वळणावर बीपात्तूम्माची टपरी. समोर वखारीची उंच, सपाट, खिडकी नसलेली पाठ. तिथून एक फाटा शाळेकडे चढतो, दुसरा कालव्याकडे उतरतो. कालव्याकडच्या फाट्यावर सुगुणनचं घर आणि आणखी चार बिऱ्हाडं, तिकडे कोण कशाला जातंय. पण शाळा, मशीद, रेशनचं दुकान, सगळ्यांची वाट त्या भिंतीपुढून.

आठवडाभरापूर्वी सुगुणन तिथून चालला होता, तर भिंत पांढरीशुभ्र. गुळगुळीत, दोन हात मारलेली. आणि कोपऱ्यात खूण नाही! त्याला वाटलं, हा पैलीचा कारभार. पैली म्हणजे फुटबॉल चिन्हाच्या उमेदवाराचा भिंत-लिहिणारा. सुगुणनच्याच वयाचा, जन्मभराचा दोस्त आणि जन्मभराचा वैरी. जेवल्यावर पैलीला झोप लागते हे सगळ्या मट्टांचेरीला ठाऊक. चुना मारला, खूण 'उठल्यावर करू' म्हणून गेला आणि घोरत पडला असणार. खूण नाही तर भिंत मोकळी, हाही नियमच. सुगुणनने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून ब्रश काढला आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात टपोऱ्या अक्षरांत लिहून टाकलं: किटली, बुक, आणि साल.

संध्याकाळी टपरीवर पैली भेटला. सुगुणनने सुलैमानी चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "काय पैली, झोप झाली का चांगली?"

"झाली की. का रे?"

"वखारीची भिंत छान पांढरी केलीस. हात अजून चांगला आहे तुझा."

"मी? मी नाही केली."

"बरं, बरं. नाही केलीस."

"अरे, आईशप्पथ नाही केली."

"कर मग शपथा. भिंत किटलीची झाली."

पैली उरलेला चहा संपवून निघून गेला. त्याचं ते निघून जाणं सुगुणनला फार गोड लागलं. दुसऱ्या दिवशी नवराबायको नातवाच्या उष्टावणासाठी मुलीकडे चेरत्तलाला गेले, ते काल अंधार पडल्यावर शेवटच्या होडीने कालव्याच्या धक्क्यावर उतरून थेट घरी.

तर त्या सकाळी खांद्यावर शिडी, एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात रंगाचे डबे, असा तो घरातून निघाला. चढ चढला, वळणावर आला आणि उभा राहिला. बादली हिंदकळून चुना पायावर सांडला.

भिंत पांढरी नव्हती. भिंतीवर शेळी होती.

लॉरीएवढी शेळी. मागच्या दोन पायांवर उभी, पुढचे पाय सुंठीच्या पोत्यांच्या थप्पीवर, मान लांब ताणलेली. वखारीच्या आवारातली पपई त्या टोकाला भिंतीवरून गल्लीत झुकते; शेळीचं तोंड नेमकं त्या खऱ्या पानांत शिरलेलं. अंग तांबूस, पोटाकडे हळदीसारखं पिवळं, मांडीवर निळी झाक, आणि पाठीवरचा एकेक केस वेगळा. पोती उसवलेली, त्यातून सांडलेल्या आल्याला पोपटी कोंब फुटलेले. आणि डोळा. पिवळाजर्द, आडव्या बाहुलीचा, तिरका बघणारा. पानं खातेय मी, बघितलंस ना, आता ओरड, असा. हा डोळा आमच्या बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराच्या ओळखीचा आहे. भिंतीखाली खऱ्या तीन शेळ्या उभ्या राहून वर बघत होत्या.

सुगुणनला आधी वाटलं, आपण दुसऱ्याच गल्लीत शिरलो. मग पाठीमागे टपरी दिसली, बीपात्तूम्मा दिसली. मग त्याला हसू आलं. चिडायचं होतं, ते राहून गेलं. शिडी टेकवून तो जवळ गेला, आणि तेव्हा त्याला कोपरा दिसला. त्याची खूण जशीच्या तशी होती. किटली, बुक, साल. तिच्याभोवती वीतभर पांढरं सोडून आल्याच्या पानांची नाजूक वेल काढलेली, जसं देवाच्या फोटोला काढतात.

"आशान, शेळी झकास झाली हो!" शाळेकडे चाललेला एक मास्तर सायकलवरून ओरडला.

"माझी नाही," सुगुणन म्हणाला. पण सायकल पुढे गेली होती.

बीपात्तूम्मा कढईतली केळ्याची भजी उलटत म्हणाली, "आता लाजू नकोस. तीन दिवस ती पोरगी उन्हात उभी राहून काढत होती. मी तिला चहा पाजला, जेवू घातलं. म्हटलं, आशानचं माणूस आहे, उपाशी कसं ठेवू."

"माझं माणूस? उम्मा, मी तिला ओळखतसुद्धा नाही!"

"कोपऱ्यात तुझं अक्षर आहे. सगळी गल्ली म्हणतेय, किटलीवाल्यांनी शेळी काढली."

"आणि तू विचारलं नाहीस?"

"काय विचारू? तू माझी किटली नेलीस तेव्हा मला विचारलं होतंस?"

टपरीच्या बाकावर पैली बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर ईस्टरची सकाळ उगवली होती.

"सुगुणा," तो म्हणाला, "टीचरचं चिन्ह बदललं होय रे? मला कुणी सांगितलंच नाही. शेळीला मत द्यायचं असेल तर मीही देईन. निदान दूध तरी देईल."

"तू बघत बसलास तीन दिवस?"

"बघणार नाही तर काय? बुक केलेली भिंत तुझी. त्यावर तू शेळी काढ, हत्ती काढ. मी कोण बोलणारा?"

टपरीतले सगळे हसले. सुगुणनही हसला, पण त्याचा हात शिडीवरून निघेना. टीचर दहाच्या सुमाराला येणार होत्या. संध्याकाळी त्यांची मिरवणूक याच वळणावरून जायची होती. पहिली भिंत ही. बादलीत चुना भरलेला, गाळलेला, पेज घातलेला. दोन हात मारले की शेळी गेली. त्याला तेवढा अर्धा तास पुरला असता.

तो बादली घेऊन भिंतीपाशी गेला. कुंचला बुडवला. पण हातातला कुंचला तसाच ठिबकत राहिला आणि तो शेळीच्या पाठीवरचे केस बघू लागला. एक केस, त्याच्या कडेला बारीक काळी सावली, मग दुसरा. ब्रश कोरडा ठेवून मारलाय, हे त्याला कळत होतं. पण मांडीवर तो निळा? शेळी निळी कुठे असते? आणि तरी मांडी मांडीसारखीच दिसत होती, उलट त्या निळ्यामुळेच भरलेली दिसत होती. जन्मभर त्याने दोन रंग वापरले, लाल आणि निळा. आणि अक्षराखेरीज काढली ती ठरलेली चिन्हं. त्याने बोटाने त्या निळ्याला हात लावला.

"दादा, ओलं आहे!"

मागे एक मुलगी उभी होती. आखूड केस, रंगाने बरबटलेली पँट, हातात ब्रशांचा डबा. नवनीता, आसामकडची. वखारीच्या मालकाची परवानगी घेऊन आली होती. शेवटचा खूर राहिला होता तो पुरा करायला आत्ता आली. तिचं हिंदी तिकडचं, सुगुणनचं बाजारातल्या गुजराती शेटजींकडून उचललेलं. दोघांचं मिळून काम भागेल एवढं हिंदी होत होतं.

"ती भिंत," सुगुणन म्हणाला, "पांढरी कोणी केली होती?"

"मीच. दोन हात. मग वाळायला ठेवली आणि रंग आणायला एर्नाकुळमला गेले. परत आले तर कोपऱ्यात तुमचं लिहिलेलं."

"मग पुसलं का नाही?"

मुलीने त्याच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "हाताने लिहिलेलं होतं. आणि इतकं सुंदर. दुसऱ्याच्या हातावर आपला हात मारायचा नाही, आमच्यात असं आहे. जागा सोडून काढलं मी. चुकलं का?"

 कुंचला बादलीत टाकून सुगुणन भिंतीच्या पायाशी बसला. पैली बाकावरून उठून जवळ आला. तोही आता हसत नव्हता. कारण त्याला हिंदी कळत होतं, आणि नियम त्यालाही तितकाच माहीत होता.

"म्हणजे पांढरा हात हिचा," पैली हळूच म्हणाला.

"हो."

"आणि तू वर खूण केलीस."

"मला वाटलं तुझी भिंत."

"माझी वाटून केलीस हे बरं सांगितलंस!"

"तू असतास तर तूही केली असतीस."

पैलीने जरा विचार केला. "केली असती," तो म्हणाला.

तेवढ्यात बाजाराच्या बाजूने छत्री हलवत भार्गवी टीचर आल्याच. मागे दोन बायका आणि भाचा. टीचरांचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तो आता गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"आशान! अहो, हे काय आहे? सकाळपासून तीन लोकांनी विचारलं मला. टीचर, तुमचं चिन्ह किटली की शेळी? आणि बाजाराकडून येताना आधी काय दिसतं माहीत आहे? ढुंगण! शेळीचं ढुंगण, आणि त्याच्या खाली माझं चिन्ह!"

पैलीला ठसका लागला. टीचर त्याच्याकडे वळल्या. "पैली, तू चौथीत असाच खोकायचास. बाहेर उभा राहा."

पैली खरोखरच दोन पावलं मागे सरला.

"चुना आहे ना तुमच्याकडे?" टीचर सुगुणनला म्हणाल्या. "मारा. संध्याकाळच्या आत माझी किटली इथे दिसली पाहिजे."

भाचा म्हणाला, "आत्या, मी त्या पोरांना फोन करतो. अर्ध्या तासात येतील."

सुगुणन उठला. मुंडूला हात पुसले. "टीचर," तो म्हणाला, "भिंत आपली नाही."

"कोपऱ्यात लिहिलंय की तुम्ही!"

"लिहिलंय. पण चुना हिचा. पांढरा हात आधी हिने मारलाय, मला ते माहीत नव्हतं. मला वाटलं पैली झोपलाय. आता ठाऊक झाल्यावर मी इथे कुंचला मारला, तर उद्यापासून या वॉर्डात कुणीही कुणाच्या भिंतीवर मारील, आणि मला बोलायला तोंड राहणार नाही."

"ती काही निवडणुकीला उभी नाही."

"नसेल. नियम भिंतीचा आहे, मतांचा नाही."

  "मग माझी पहिली भिंत कुठली, आशान?" टीचर म्हणाल्या, आणि आवाज शाळेतला राहिला नव्हता, दमलेल्या बाईचा होता. "बर्फ कारखान्याची आणि रेशन दुकानाची फुटबॉलवाल्यांकडे, शाळेची उद्याशिवाय मिळत नाही. मिरवणूक आज आहे. मी भाच्याला काय सांगू?"

सुगुणनने खाली पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या घराची आहे."

पैलीने मान झटकन वर केली. भिंत लिहिणारा स्वतःच्या घराच्या भिंतीवर कधीच कुणाचं चिन्ह काढत नाही. आज किटली, उद्या फुटबॉल, जो बोलावेल त्याचं लिहायचं. घरची भिंत कोरी ठेवायची म्हणजे कुठल्याच दाराला आपण परके होत नाही. सुगुणनच्या बापाच्या वेळेपासून ती भिंत कोरी होती.

"सुगुणा, विचार कर," पैली म्हणाला. "उद्या माझ्या बाजूचे तुला काम देणार नाहीत."

"तुझ्या बाजूला तू आहेस ना. झोपेतून उठलास की."

टीचर म्हणाल्या, "पण तुमच्या घरापुढून जातं कोण? पाच माणसं आणि एक मासळीवाला!"

"जात नव्हतं," बीपात्तूम्मा कढईवरून म्हणाली. भजी पाटीत टाकून तिने झारा गल्लीच्या उताराकडे रोखला. "टीचर, जरा मान वळवा. काल दुपारपासून बघतेय मी. बाजाराकडून आलं तर ढुंगण दिसतं, हे तुम्हीच म्हणालात. तोंड बघायचं तर कालव्याकडून यावं लागतं. सगळी गल्ली त्या फाट्याने वळसा घालून येतेय. फोटो तिथूनच चांगला येतो म्हणे."

टीचरांनी मान वळवली. कालव्याच्या फाट्यावरून खरोखरच माणसं चढून येत होती. एक नवं जोडपं, कडेवर पोर घेतलेली एक बाई, कॉलेजच्या पाचसहा मुली. सगळी सुगुणनच्या घराच्या भिंतीला घासून येत होती, कारण फाटा तिथे सगळ्यात अरुंद.

टीचर हसल्या. मोठ्याने नाही, पण हसल्या. "म्हणजे शेळी बघायला माझ्या किटलीवरून जायचं."

"वळायलाच लागतं," बीपात्तूम्मा म्हणाली. "आणि येता येता तहान लागली तर वर माझी किटली आहे."

"मग लिहा आशान," टीचर म्हणाल्या. भाच्याकडे वळून म्हणाल्या, "फोन खिशात ठेव."

सुगुणन आधी वखारीच्या कोपऱ्यापाशी गेला. चुन्यात कुंचला बुडवून त्याने स्वतःची खूण पांढरी करून टाकली. नवनीता "अरे, अरे!" करत पुढे आली. त्याने तिला सांगितलं, "मोळे, पोरी, ती माझी जागा नव्हती. तिथे तुझं नाव घाल."

मग शिडी उचलून तो उतारावरून घरी आला. सौदामिनी भिंतीवर सुकत घातलेली चादर काढायला तयार नव्हती.

"माझ्या भिंतीवर किटली?" ती म्हणाली. "तुमचे वडील वरून बघताहेत."

"वडिलांना चहा आवडायचा."

"आणि माझी मासळी कुठे सुकवू?"

"किटलीखाली सुकव. टीचरला मासळी खाणाऱ्यांचीही मतं पाहिजेत."

चादर निघाली. चुना एका हातात बसला. पेज चांगली मुरली होती. वाळेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला, तर नवनीता खूर संपवून उतारावरून आली आणि शेजारी बसली. मोडक्या हिंदीत तिने विचारलं, दोरी न मारता अक्षर सरळ कसं येतं. तो म्हणाला, "अक्षराकडे बघायचं नाही. पुढच्या अक्षराच्या जागेकडे बघायचं." मग त्याने विचारलं, मांडीवर निळा कशाला. ती म्हणाली, सावलीत सगळंच थोडं निळं असतं. त्याने समोरच्या घराच्या सावलीत बसलेल्या मांजराकडे बराच वेळ पाहिलं. "असतं की," तो म्हणाला.

नाव त्याने लाल रंगात लिहिलं, नेहमीसारखं, एका दमात. किटली काढायला घेतली तेव्हा मात्र थांबला, आणि नवनीताकडे उरलेला हळदी रंग आणि ती निळी झाक मागितली. चोचीचा बाक पाठ होता. पण पोटावर त्याने पिवळा फिरवला, खालच्या बाजूला निळ्याचा एक कोरडा हात ओढला, आणि किटली भिंतीतून उचलून घेता येईल अशी गोल झाली. तो चार पावलं मागे आला, मुंडू गुडघ्यावर दुमडला आणि मोठ्याने वाचलं. "भार्गवी टीचर. किटली." मग आणखी एकदा, फक्त "किटली."

संध्याकाळी मिरवणूक कालव्याच्या बाजूने आली. टीचर भिंतीपाशी थांबल्या, छत्रीच्या टोकाने किटलीला लांबूनच नमस्कार केल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी शाळेची भिंत, आशान. परवा धक्क्याची." भाचा फोटो काढत होता. मागून पैली आला होता, फुटबॉलवाल्यांचा बिल्ला छातीवर लावून, नुसता बघायला. तो किटलीजवळ वाकला, नाकाने वास घेतला आणि म्हणाला, "साखर कमी आहे." मग सुगुणनच्या पाठीवर थाप मारून मिरवणुकीबरोबर चढ चढून गेला. ढोल वळणापर्यंत ऐकू येत होता; तिथे पोचल्यावर एकदम थांबला. शेळीपाशी सगळेच थांबत होते.

सुगुणन पायरीवर बसून ऐकत होता. आतून सौदामिनीची हाक आली.

"तिथे बसून काय करताय? नारळ खवायचा राहिलाय. मासळीच्या आमटीत काय घालू, चुना?"

तो उठला, हात धुतले, खवणीवर बसला आणि नारळाची वाटी पात्याला लावून गोल फिरवू लागला.